बास गिटार : स्वयंशिक्षित वादकाची कोंडी (लेखांक ६)

बास गिटार कोणाच्याही तालमीशिवाय शिकलेल्या वादकाच्या वाटचालीत काही वर्षांनी एक अवस्था बहुधा येतेच : हात सफाईने चालतो, लय सुटत नाही, साथीदारांची तक्रार नसते, आणि तरीही प्रत्येक नव्या गाण्यात तीच चार-पाच वळणे पुन्हा पुन्हा उमटत राहतात. याचा दोष तयारीला दिला जातो आणि उपाय म्हणून वेग वाढवला जातो किंवा अंगठ्याने तारेवर आघात करण्याचे ‘स्लॅप’ तंत्र शिकले जाते. मात्र मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत बास वाजवणारे जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तार छेडत असत, आणि त्यांच्या वादनातील वैविध्य आजही अभ्यासाचा विषय आहे. तेव्हा कोंडीचे मूळ अन्यत्र शोधावे लागते.

ते बव्हंशी वाद्याच्या रचनेत आहे. चार तारांच्या बासच्या तारा ई, ए, डी आणि जी या सुरांत लावतात आणि प्रत्येक तार आधीच्या, अधिक खर्जातील तारेचा शुद्ध मध्यम असते. हे अंतर सर्वत्र सारखे असल्यामुळे बोटांना एकदा बसलेली आकृती कोणत्याही पडद्यावर सरकवली तरी अचूकच वाजते. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन किंवा अधिक स्वरांचा समूह, आणि ज्या स्वरावर तो उभा असतो तो त्याचा मूलस्वर. मूलस्वराला षड्ज मानले, तर पंचम शेजारच्या तारेवर दोन पडदे पुढे आणि वरचा षड्ज त्याच पडद्यावर पुढच्या तारेवर सापडतो. ही सोय नवशिक्याला फार लवकर वाजते करते, आणि हटकणारे कोणी नसल्यामुळे पुढे कानाने ऐकण्याआधीच बोटे निर्णय घेऊन टाकतात.

पॉल मॅकार्टनी यांचे उदाहरण या दृष्टीने तपशिलात पाहण्यासारखे आहे. 1961 साली बासवादक स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडल्यावर बास मॅकार्टनी यांच्याकडे आला. स्वरलेखन वाचण्याचे शिक्षण त्यांनी कधी घेतले नाही आणि आरंभीच्या गाण्यांत त्यांचा बास बराचसा मूलस्वर व पंचम यांभोवती फिरतो. 1966 मध्ये बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात ब्रायन विल्सन यांनी कॉर्डच्या तळाशी मूलस्वराऐवजी अनेकदा गंधार किंवा पंचम ठेवला होता, ज्यामुळे वरचे स्वर तेच राहूनही कॉर्ड अधांतरी, पुढे झुकलेली भासते. हा प्रभाव मॅकार्टनी यांनी स्वतः मान्य केला आहे. 1967 च्या ‘सार्जंट पेपर’ या बीटल्सच्या संग्रहाच्या वेळी ते अनेक गाण्यांतील बास सर्वांत शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित करू लागले. या बदललेल्या क्रमाचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही. गायन आणि इतर वाद्ये आधीच समोर असल्यामुळे कोठे जागा मोकळी आहे हे ऐकून मग स्वर निवडता येतो, आणि बासची ओळ गाण्याची दुसरी चाल बनू शकते.

बासवादक जॅको पास्टोरियस यांनी दुसरा मार्ग धरला. 1976 च्या आपल्या पहिल्या संग्रहात त्यांनी चार्ली पार्कर यांच्या नावावर असलेली ‘डॉना ली’ ही सॅक्सोफोनसाठीची चाल पडदे नसलेल्या बासवर, साथीला केवळ काँगा हे चर्मवाद्य घेऊन वाजवली. सॅक्सोफोनसाठी रचलेली चाल बासच्या ठरीव आकृत्यांत मावत नाही, त्यामुळे बोटांना प्रत्येक वळण नव्याने शोधावे लागते.

स्वयंशिक्षित वादकाला यातून नेमके काम मिळते. वाद्य बाजूला ठेवून बासची ओळ आधी गळ्यातून म्हणावी आणि मगच तारेवर शोधावी. सरगमची सवय असलेल्या मराठी वादकाकडे त्यासाठीचे साधन आधीपासूनच आहे, फक्त येथे कॉर्डबरोबर षड्ज बदलतो हे ध्यानात ठेवावे लागते. ती ओळ नंतर एकाच तारेवर वाजवावी, कारण तेथे ओळखीची आकृती उपलब्धच नसते. एखाद्या परिचित गाण्यात काही कॉर्डखाली हेतुपूर्वक गंधार ठेवून पाहावा. मात्र गाण्याच्या अखेरच्या कॉर्डखाली तो बहुधा अपुरा वाटतो आणि तेथे मूलस्वराकडेच परतावे लागते. स्वर कोठे सुरू होतो याइतकेच तो कोठे थांबतो हेही ठरवावे लागते, आणि तार दाबून नाद तोडण्याच्या या क्रियेचा विचार पुढील लेखांकात केला आहे.