इन्व्हर्नेस-शायर काउंटी पोलीस : ग्रामीण पोलीस दल आणि लोकसंमतीचा प्रश्न

प्रस्तावना :
पोलीस यंत्रणेचा इतिहास बहुधा महानगरांच्या संदर्भात लिहिला जातो. ग्रामीण भागात मात्र पोलिसांचा संबंध प्रामुख्याने जमिनीशी निगडित सत्तासंबंधांशी येतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्स प्रदेशातील इन्व्हर्नेस-शायर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

स्थापना व नियंत्रण :
१८३९ च्या कायद्याने स्कॉटिश काउंट्यांना पोलिसांसाठी कर बसविण्याची मुभा मिळाली आणि १८४० मध्ये इन्व्हर्नेस-शायरचे दल स्थापन झाले. १८५७ च्या कायद्याने असे दल सर्व काउंट्यांना सक्तीचे झाले. सरकारी तपासणीत कार्यक्षम ठरणाऱ्या दलास वेतन व गणवेशाच्या खर्चाचा चतुर्थांश भाग अनुदान म्हणून मिळू लागला. नियंत्रण मात्र 'कमिशनर्स ऑफ सप्लाय' या जमीनदारांच्या मंडळाकडेच राहिले.

स्काय बेटावरील कसोटी :
याच काउंटीतील स्काय बेटावर ब्रेज येथील क्रॉफ्टरांनी, म्हणजे अल्पभूधारक कुळांनी, हिरावून घेतलेले चराईचे हक्क परत मिळावेत म्हणून खंड रोखला. एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी बेदखलीची समन्से जाळली. स्थानिक दल अपुरे पडल्याने ग्लासगोहून सुमारे ५० पोलीस आणावे लागले. अटकेच्या वेळी स्त्री-पुरुषांनी त्यांच्यावर दगडफेक केली. १८८४ मध्ये बेटावर नौसैनिकही पाठविण्यात आले. बळाने प्रश्न सुटला नाही. मद्रासचे माजी गव्हर्नर लॉर्ड नेपियर यांच्या अध्यक्षतेखाली १८८३ मध्ये आयोग नेमला गेला व १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरांना जमीनधारणेची शाश्वती मिळाली.

पुढील स्थित्यंतरे :
१८८९ च्या कायद्याने निर्वाचित काउंटी परिषदा आल्या. तथापि पोलिसांवर देखरेख करणाऱ्या संयुक्त समितीत जमीनदारांचे प्रतिनिधी कायम राहिले. १९७५ मध्ये हे दल नॉर्दर्न कॉन्स्टॅब्युलरीत आणि १ एप्रिल २०१३ रोजी पोलीस स्कॉटलंड या राष्ट्रीय दलात विलीन झाले. २०१४ मध्ये हायलँड्समधील नित्याच्या गस्तीवर सशस्त्र पोलीस दिसू लागताच स्थानिक लोकप्रतिनिधींनी आक्षेप घेतला व त्याच वर्षी हे धोरण बदलावे लागले.

निष्कर्ष :
नियंत्रण जमीनदारांकडे असो वा दूरच्या मुख्यालयाकडे, स्थानिक जनतेची संमती नसेल तर ग्रामीण पोलीस दलाचा अधिकार दुबळा ठरतो. मनुष्यबळ वाढविल्याने ही उणीव भरून निघत नाही, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.