दर तासाला टॉर्च कशासाठी?

न्यूरो आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘जरा कुठं डोळा लागला होता, तर सिस्टरनं हलवून उठवलं, डोळ्यांत टॉर्च मारली, खांद्याला चिमटा काढला आणि निघून गेली.’ घरच्या माणसांना हा छळ वाटतो. ब्रेन हॅमरेज झालेला माणूस शांत पडलाय, तर त्याला विश्रांती मिळू द्यावी असं कुणालाही वाटेल. पण या आजारात लागलेली झोप आणि हरपत चाललेली शुद्ध लांबून सारखीच दिसते. उठवून पाहिल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही, आणि तो वेळेत कळला तरच जीव वाचवायची संधी मिळते.

मेंदूतल्या रक्तस्रावाचं सर्वांत मोठं कारण म्हणजे वर्षानुवर्षं काबूत न आलेला रक्तदाब. त्यानं मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात आणि एक दिवस फुटतात. सीटी स्कॅनवर जी गाठ दिसते ती त्या क्षणाची. सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये ती पहिल्या दिवसात, त्यातही पहिल्या काही तासांत, आणखी वाढते. पुढं मेंदूला सूज येते. कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, तिला ताणायला जागाच नाही. मग दाब वाढतो, मेंदू खाली सरकू लागतो आणि श्वास व हृदयाचं केंद्र जिथं आहे त्या मेंदूच्या देठावर भार येतो. डॉक्टर राउंडला येऊन जातात. मधल्या तासांत हा बदल पकडायचं काम सिस्टरचं.

त्यासाठी तिच्या हातात ‘ग्लासगो कोमा स्केल’ हे साधन आहे. ग्लासगोचे ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ते १९७४ मध्ये मांडलं. डोळे कधी उघडतात याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण १५ म्हणजे पूर्ण शुद्धीत, ३ म्हणजे कसलाच प्रतिसाद नाही. ऐकायला हे सोपं आहे, करायला नाही. अनुभवी सिस्टर ‘माझा हात दाबा’ एवढ्यावर कधी थांबत नाही, कारण मेंदूला इजा झालेला माणूस तळहाताला काही लागलं की नकळतही मूठ आवळतो. ती म्हणते, ‘काका, जीभ बाहेर काढा. दोन बोटं दाखवा.’ महिना विचारल्यावर आजींनी ‘श्रावण’ म्हटलं आणि बाहेर खरंच श्रावण असेल, तर उत्तर पूर्ण बरोबर. हे सिस्टरला ठाऊक हवं, नाहीतर तिच्या कागदावर आजी गोंधळलेल्या ठरतील. ड्युटी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघींनी मिळून रुग्ण तपासावा, म्हणजे एकीचे १२ दुसरीकडे १० होत नाहीत. खरोखरच दोन गुण उतरले असतील, तर त्याच क्षणी डॉक्टरांना फोन जायला हवा.

टॉर्चचंही तसंच. उजेड पडला की दोन्ही बाहुल्या सारख्या आकसायला हव्यात. एक मोठी होऊन तशीच राहिली, तर बहुधा त्या बाजूनं डोळ्याच्या नसेवर दाब येतोय. रक्तदाब चढतोय, नाडी मंदावतेय, श्वासाची लय बिघडलीय, हे तिन्ही एकत्र दिसेपर्यंत मात्र बराच उशीर झालेला असतो. चांगली सिस्टर त्याच्या कितीतरी आधी सावध होते. सकाळी पाणी मागणारा माणूस दुपारी नुसता हुं हुं करतोय, एवढंही तिला पुरतं.

बाकीची शुश्रूषा पाहणाऱ्याला किरकोळ वाटते. पलंगाची डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश वर आणि मान सरळ ठेवायची, कारण मान एका बाजूला कलंडली की मेंदूतून परतणारं रक्त अडतं. कफ ओढताना आधी ऑक्सिजन वाढवायचा आणि नळी काही सेकंदांतच बाहेर काढायची, कारण खोकल्याच्या प्रत्येक उबळीनं डोक्यातला दाब चढतो. कुंथावं लागू नये म्हणून पोट साफ ठेवायचं. मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी बसवली असेल, तर तिची पातळी कानाच्या छिद्राजवळच्या उंचवट्याशी जुळवलेली असते. अशा वेळी ‘बाबांना नीट दिसत नाही’ म्हणून नातेवाइकानं परस्पर पलंग वर केला, तर पाणी भसाभस वाहून जाऊ शकतं. पलंगाला हात लावण्याआधी सिस्टरला हाक मारा, असं सांगतात ते यासाठी.

ही बारीकसारीक कामं माणसाचं पुढचं आयुष्य ठरवतात, याचा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९ स्ट्रोक युनिट्समध्ये झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या पक्षाघाताच्या रुग्णांत मेंदूतल्या रक्तस्रावाचेही होते. परिचारिकांनी तीनच गोष्टी नेमानं पाळल्या: ताप ९९.५ फॅरनहाइटला पोचताच उतरवणं, साखर सांभाळणं आणि गिळता येतं का ते तपासल्याशिवाय तोंडानं काहीही न देणं. ज्या युनिट्समध्ये हे झालं, तिथं ९० दिवसांनी मृत किंवा परावलंबी असलेले रुग्ण ४२ टक्के होते, इतरत्र ५८ टक्के. त्यासाठी कुठलंही नवं औषध लागलं नव्हतं. २०२३ मध्ये भारतासह दहा देशांतल्या, सात हजारांहून अधिक मेंदूतल्या रक्तस्रावाच्या रुग्णांचा अभ्यास आला. वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणणं, साखर व ताप ताब्यात ठेवणं आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम लगेच उलटवणं, हे सगळं एकदम केल्यावर सहा महिन्यांनी रुग्णांची स्थिती अधिक चांगली आढळली.

यातली गिळण्याची गोष्ट आपल्याकडं फार जपायला हवी. भेटीच्या वेळेत कुणीतरी प्रेमानं चमचाभर नारळपाणी देतं, कुणी देवाचं तीर्थ ओठांना लावतं. घशाचे स्नायू लुळे पडले असतील, तर ते पाणी फुप्फुसात उतरतं. पुष्कळदा ठसकासुद्धा लागत नाही, आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. पाणी पाजल्यावर आवाज घोगरा, ओलसर आला तरी तो धोकाच. तीर्थ कपाळाला लावा, श्रद्धा तिथंही पोचते.

रक्तस्राव मेंदूच्या आवरणाखाली, रक्तवाहिनीचा फुगा फुटून झाला असेल तर पहारा आणखी लांबतो. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावू शकतात. त्यानं होणारी मेंदूची इजा टाळण्यासाठी निमोडिपिन हे औषध सहसा दर चार तासांनी, २१ दिवस द्यावं लागतं. रात्री दोनचा डोसही चुकवायचा नसतो.

हे सगळं जिनं करायचं, तिच्या वाट्याला किती रुग्ण असावेत? अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका हे मान्य सूत्र आहे. गर्दीच्या रुग्णालयांत एकीकडं तीन-चार व्हेंटिलेटर येतात, तेव्हा दर तासाची तपासणी दर तासाला होणं अशक्यच. आपण रुग्णालय निवडताना कोणतं मशीन आहे ते विचारतो. रात्रपाळीला किती सिस्टर असतात, हेही विचारायला हवं.

आणि घरी जाण्याआधी सिस्टरकडून काही गोष्टी हातानं करून शिकून घ्याव्यात. नाकातल्या नळीनं भरवताना रुग्णाला बसतं करायचं आणि नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज उघडून पाहायच्या. लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो. बरं वाटायला लागलं म्हणून बीपीची गोळी कुणी परस्पर बंद करत असेल, तर त्याला त्याच दिवशी अडवायचं.