आजोळ निघाले प्रवासाला

सुट्टी लागली की आजोळी जायचे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. शेवटचा पेपर संपायचा, आई ट्रंक भरायची, एस. टी.च्या थांब्यावर मामा उभा असायचा आणि पुढचा महिना-दीड महिना मुलांचा ताबा आजीकडे जायचा. आजोळ म्हणजे एक घर, एक अंगण, एक विहीर आणि माळ्यावरची आंब्यांची अढी. ते जागचे हलत नसे. हलायची ती नातवंडे.

आमच्यासारख्या परदेशी राहणाऱ्या आज्यांचे तसे नाही. मी लग्न होऊन 1975 साली लंडनला आले आणि तिथलीच झाले. मुलगी वीस मिनिटांच्या अंतरावर राहते. दर बुधवारी नातवंडांना शाळेतून मीच आणते, पोळीभाजी खाऊ घालते आणि सहा वाजता त्यांच्या आईच्या स्वाधीन करते. हे सुख थोडे नाही, पण यात आजोळाची गंमतही नाही. रोज दिसणाऱ्या आजीचे आजोळ होत नाही! मग सुट्टीत आजीनेच बॅग उचलावी आणि आपले आजोळ चार दिवस दुसऱ्या देशात मांडावे, हे ओघानेच आले. इंग्लंडातल्या कितीतरी आज्या आणि आजोबा आता हेच करतात, आणि त्यामागे हौस जेवढी, तेवढाच एक रोकडा हिशेबही आहे.

सुट्ट्यांचे त्रैराशिक

इंग्लंडातल्या शाळा वर्षातून सुमारे तेरा आठवडे बंद असतात. उन्हाळ्याचे सहा, नाताळचे दोन, ईस्टरचे दोन आणि प्रत्येक सत्राच्या मधोमध एकेक. उलट पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याला कायद्याने मिळणारी किमान पगारी रजा 28 दिवसांची, आणि त्यातच आठ सार्वजनिक सुट्ट्या धरता येतात. म्हणजे हाती उरले वीस दिवस. नवराबायकोने एकमेकांचे तोंड न पाहता पाळीपाळीने रजा काढली, तरी आठ आठवडे भरतात. उरलेले चार-पाच आठवडे कोणाच्या नावावर? आजीच्या!

शाळा चालू असताना मुलांना घेऊन जावे, विमानाची तिकिटेही स्वस्त पडतील, असे कोणाला वाटेल. पण इंग्लंडात परवानगीशिवाय शाळा बुडवली तर दंड होतो. ऑगस्ट 2024 पासून तो दर मुलामागे आणि दर पालकामागे 80 पौंड आहे, आणि एकवीस दिवसांत भरला नाही तर 160. तेव्हा महाग पडले तरी जायचे ते सुट्टीतच.

आम्ही निवडली ती 2024 च्या ऑक्टोबरअखेरची आठवड्याची सुट्टी. त्या वर्षी दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात आली होती. नात दहा वर्षांची, नातू सात वर्षांचा आणि मी बहात्तर. मुलगी प्रथम गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, बाबा असते तर गोष्ट वेगळी होती. तुला एकटीला झेपेल का?"

मी म्हटले, "आज झेपेल. पाच वर्षांनी विचारलंस तर नाही म्हणेन."

आजीला हक्क नाही

प्रेमाच्या बाबतीत आजी आईच्या वर एक पायरी असेल, कायद्यात मात्र ती कोणीच नाही. मुलाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार इंग्लंडचा कायदा आईबापांना देतो, आजीआजोबांना आपोआप देत नाही. ज्यांच्याकडे तो अधिकार आहे त्या सर्वांची संमती नसताना मूल देशाबाहेर नेले, तर तो चक्क अपहरणाचा गुन्हा ठरू शकतो. 1984 चा त्यासाठीचा वेगळा कायदाच आहे.

म्हणून हवी ती एक चिठ्ठी. आईबापांनी दोघांनी सही करून लिहावे, की आमची ही मुले अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आपल्या आजीबरोबर अमुक देशात जात आहेत, मुक्काम येथे आहे, आमचा पत्ता व दूरध्वनी हा आहे. काही देशांत त्यावर नोटरीचा शिक्काही लागतो, म्हणून निघण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीचे नियम पाहावेत. आणखी एक वाक्य मी मुद्दाम लिहून घेतले. तातडीच्या वेळी मुलांवर वैद्यकीय उपचार करवून घेण्यास आजीला आमची परवानगी आहे. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडले.

आपल्या घरांत एक अडचण जास्तीची असते. लेकीची मुले म्हटली की आडनाव निराळे. पासपोर्ट तपासणारा अधिकारी बिचारा पाहतो, तो म्हातारीचे आडनाव एक आणि पोरांचे दुसरेच. त्यासाठी मुलांच्या जन्मदाखल्याच्या प्रती जवळ ठेवाव्यात, आणि मुलीचे नाव लग्नानंतर बदलले असेल तर लग्नाच्या दाखल्याचीही.

आमच्या घरात तर पासपोर्टच दोन जातींचे. नातवंडे ब्रिटिश, मी अजून भारतीय. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि पन्नास वर्षे इथे काढूनही ते निळे पुस्तक हातचे सोडायला माझे मन धजावत नाही. या हट्टाची किंमत दर प्रवासाला मोजावी लागते. ब्रिटिश पासपोर्टवर युरोपच्या शेंगेन देशांत 180 दिवसांतले 90 दिवस व्हिसावाचून राहता येते. मला मात्र व्हिसा हवा. त्याची फी जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो आहे. शिवाय बँकेचे कागद, विमा, राहण्याची सोय, सगळे दाखवावे लागते ते निराळेच. नातवंडे दाराशी बूट घालून तयार आणि आजी अजून अर्ज भरते आहे, असे ते चित्र!

फ्लॉरेन्सच्या विमानतळावर काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने माझी चिठ्ठी वाचली. मग ती बाजूला ठेवून त्याने नातवालाच विचारले, "ही बाई कोण?"

नातू क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. त्याला शब्द इंग्रजीत द्यावा की कशात, तेच कळेना. शेवटी म्हणाला, "आजी."

अधिकारी हसला. "नोन्ना," म्हणाला आणि शिक्का मारला. इटलीत आजीला नोन्ना म्हणतात. त्या देशाने 2005 साली कायदा करून 2 ऑक्टोबर हा आजीआजोबांचा दिवसच ठरवून टाकला आहे. तेव्हा तिथे नोन्ना होऊन हिंडण्यासारखी दुसरी ओळख नाही.

(12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी यंत्रावर नोंद घेण्यास सुरुवात झाली आहे. बारा वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे त्यात घेत नाहीत, फोटो मात्र काढतात.)

एका दिवशी एकच

लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्यात एक मोठे साम्य आहे. दोघांनाही दुपारी झोप लागते, वरचेवर भूक लागते आणि बसायला जागा लागते. त्यामुळे हे दोघे एकत्र उत्तम प्रवास करतात. मधल्या पिढीला मात्र चार दिवसांत सतरा ठिकाणे पाहायची असतात.

आमचा नियम एकच. दिवसाला एक स्थळ, तेही जेवणाआधी. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणून उफीझीत तासाभरात बाहेर पडलो तरी पैसे फुकट गेल्याची चुटपुट लागली नाही. तिथल्या मोठ्या देवळाच्या घुमटावर चढायला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तो आम्ही टेकडीवरच्या चौकातून बाकावर बसून पाहिला. बसने वर गेलो, आणि घुमट तिथून पुरा दिसतो!

फराळाचीही एक गोष्ट सांगून ठेवते. ब्रिटनमधून युरोपीय संघाच्या देशांत प्रवाशाला दूध व दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणून पेढे-बर्फी घरी राहिली, चकल्या आणि चिवडा बरोबर आला. नरकचतुर्दशीला पहाटे भाड्याच्या खोलीतल्या न्हाणीघरात दोघांना तेल-उटणे लावले. पणती लावायची सोय नव्हती, कारण छतावर धुराची घंटा होती. नातीने कागदावर पणत्या काढून खिडकीला चिकटवल्या.

नदीकाठची छत्री

मी फ्लॉरेन्स निवडले त्याला एक कारण होते. माझे माहेर कोल्हापूरचे.

त्या शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने काशीने नावाचे लांबच लांब उद्यान आहे. त्याच्या अगदी टोकाला, मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते तिथे, एक छत्री उभी आहे आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. 1870 साली ते विलायतेची सफर करायला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, रोजनिशी लिहीत राहिले. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी तिथेच वारले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथल्या सरकारने खास परवानगी दिली आणि दोन नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांना अग्नी देण्यात आला. पुढे 1874 साली ही छत्री उभी राहिली. ती मेजर मँट यांनी आखली, आणि कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आखणीचा. जवळचा मोठा पूल 1978 साली झाला, त्यालाही लोक 'भारतीयाचा पूल' म्हणूनच ओळखतात.

मुलांना मी हे सारे मराठीत सांगितले. त्या आठवड्यात एक नवल घडले होते. लंडनला मी मराठीत विचारते आणि मुले इंग्रजीत उत्तर देतात. इथे चहूकडे इटालियन. तेव्हा आपल्या तिघांची एक गुपित भाषा आहे, असा शोध नातीला लागला. ट्रॅममधल्या माणसांच्या टोप्यांविषयी ती खुशाल मराठीत बोलू लागली.

नातवाने विचारले, "तो घरी चालला होता?"

"हो."

"आणि पोचला नाही?"

"नाही, बाळ. त्याची रोजनिशी पोचली. तिचं पुस्तक झालं."

नात बराच वेळ पुतळ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "आजी, तू पण कधीतरी घरी परत जाणार आहेस का?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. पुण्याच्या नणंदेने, मंडळातल्या मैत्रिणींनी, आमच्या ह्यांनी तर कितीदा तरी. दरवेळी मी काहीतरी चतुराईचे बोलून वेळ मारून नेई. या मुलीला तसे उत्तर देववेना. मी म्हटले, "कोल्हापूरला जाईन गं, तुम्हाला घेऊन जाईन. पण तुम्हाला सोडून नाही जाणार." तिने मान हलवली आणि चकलीचा डबा उघडला.

रात्रीची कसोटी

त्याच रात्री नातवाला ताप चढला. दुसऱ्या दिवशी 1 नोव्हेंबर. आमचे लक्ष्मीपूजन आणि तिकडचा सर्व संतांचा सण, म्हणजे बहुतेक दुकाने बंद. अशा वेळी धीर येतो तो आधी केलेल्या तयारीने. मुलांचे पॅरासिटामॉल बरोबर होते, आणि वयाप्रमाणे किती द्यायचे ते त्यावर लिहिलेले होते. (सोळा वर्षांखालच्या मुलाला ॲस्पिरिन देऊ नये, हे प्रत्येक आजीने ध्यानात ठेवावे. आपल्या काळी देत असत.) युरोपभर मदतीचा क्रमांक 112. हिरवा क्रूस असलेले औषधाचे दुकान सणाच्या दिवशीही पाळीने एखादे उघडे असते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला फुकट मिळणारे आरोग्यकार्ड दाखवले की युरोपीय संघातल्या सरकारी दवाखान्यात तिथल्या नागरिकासारखे उपचार होतात. तरीही विमा वेगळा घ्यावाच, आणि तो घेताना आपला रक्तदाब आणि साखर लपवू नये.

रात्री दीड वाजता मी मुलीला फोन लावला. उगाच घाबरवू नये, असे एक मन म्हणत होते. पण मूल तिचे आहे, तिला कळलेच पाहिजे. मी तापाचा आकडा सांगितला, औषध दिल्याचे सांगितले, चिठ्ठी हाताशी आहे, सकाळपर्यंत उतरला नाही तर दवाखान्यात नेते म्हणून सांगितले.

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "आई, मी असते तर हेच केलं असतं. तूही जरा पड आता."

झेपेल का, या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री मिळाले. पहाटे ताप उतरला. संध्याकाळी खिडकीतल्या कागदी पणत्यांसमोर एक युरोचे नाणे ठेवून आम्ही लक्ष्मीपूजन केले.

थोडक्यात हिशेब

वाचक विचारतील, एवढी यातायात कशासाठी? तर गणित असे आहे. सहा वर्षांच्या आत मूल फार लहान असते, आणि तेरा-चौदाच्या पुढे त्याला आजीबरोबर हिंडायची लाज वाटू लागते. आपले गुडघे पंच्याहत्तरीपर्यंत साथ देतील, असे धरू. ही दोन्ही वर्षे एकावर एक ठेवून पाहा. फार तर चार-पाच सुट्ट्या सामाईक निघतात. पैसे मागाहून जमतील, रजा मागाहून मिळेल, या सुट्ट्या मात्र मागाहून मिळत नाहीत.

ज्यांची नातवंडे परदेशी आणि आपण पुण्यामुंबईत, अशांनाही हेच सांगेन. दर वेळी त्यांनीच यावे किंवा आपणच जावे, असे कुठे आहे? मध्येच कुठेतरी गाठावे. आठवडाभरच का होईना, आईबापांवाचून गाठावे. चिठ्ठी नीट लिहून घ्यावी, औषधांची पिशवी हातातल्या बॅगेत ठेवावी, आणि मराठीत बोलत सुटावे. कोणाला काही कळत नाही, याची मुलांना भारी मजा वाटते.