रिपोर्टमधली 'गाठ' म्हणजे कॅन्सरच असे नाही

रिपोर्टवर 'लिम्फ नोड वाढलेले' असे लिहून आले की घरात रडारड सुरू होते. वॉर्डात काम करताना हे मी अनेकदा पाहिले. गाठ म्हणजे कॅन्सर, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. पित्तनलिकेचा जुनाट आजार असलेल्यांनी तरी हे नीट समजून घ्यायला हवे.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. ती फुगलेली लसिका ग्रंथीच असते. अशा ग्रंथी यकृताजवळही असतात. पीएससी या आजारात पित्तनलिका वर्षानुवर्षे सुजून आकसतात. पीबीसीमध्ये यकृतातल्या बारीक नलिका नष्ट होत जातात. दोन्ही आजारांत यकृताजवळच्या ग्रंथी वाढलेल्या दिसणे नेहमीचेच आहे. बहुतेक वेळा कारण ही जुनी सूजच असते.

मग निर्धास्त राहायचे का? नाही. पीएससीत पित्तनलिकेच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. नुसत्या आकारावरून निदान होत नाही. सुजेची ग्रंथी एक सेंटिमीटरपेक्षा मोठी असू शकते आणि कॅन्सरची लहानही असू शकते. 'सीए १९-९' ही रक्ततपासणीही एकटी पुरेशी नाही, कारण नलिका तुंबली किंवा जंतुसंसर्ग झाला तरी तो आकडा वाढतो. आपल्याकडे टीबीचाही विचार करावा लागतो. शंका राहिली तर दुर्बिणीतून सोनोग्राफी करून सुईने ग्रंथीचा नमुना घेतात.

म्हणून डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारा:

- मागच्या स्कॅनच्या तुलनेत ग्रंथी वाढली आहे का?
- नलिका नव्याने अरुंद झाली आहे का? तिथे गोळा दिसतो का?
- पुढची तपासणी कोणती आणि कधी?

तुलना करायची तर जुना स्कॅन हाती हवा. फिल्म, सीडी, रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा आणि दरवेळी सोबत न्या. रिपोर्ट सोप्या भाषेत समजून घेणे हा तुमचा हक्क आहे. विचारायला संकोच करू नका.

कावीळ वाढली, वजन उतरू लागले, अंगाची खाज अचानक वाढली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. थंडी वाजून ताप आणि पोटात उजवीकडे दुखत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

रिपोर्टमधल्या एका ओळीने खचून जाऊ नका, पण ती ओळ दुर्लक्षितही करू नका.