ग्वाल्हेरच्या महाराजांची रोल्स-रॉइस आणि तिची पणती
१९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींचा कस पाहणारी एक चाचणी झाली. अंतर ६२० मैल, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर. वाटेत सहा घाट, आणि रस्ते मुरुम-खडीचे. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस त्यातून बिनतक्रार पार पडली आणि पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. यंत्रांवर जीव असलेला हा राजा. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून फिरणारी त्यांची चांदीची आगगाडी आजही पाहायला मिळते.

ही गाडी ४०/५० जातीची. तीच जात पुढे ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणून गाजली. तिच्याशेजारी २०२० ची ‘घोस्ट’ उभी करून पाहा. जुन्या इंजिनाचं आकारमान सात लिटरांहून किंचित जास्त, नव्याचं पावणेसात लिटर. म्हणजे नवं इंजिन जरा लहानच! तरीही जुन्याची ताकद सुमारे ४८ अश्वशक्ती, तर नव्याची ५६३. जवळजवळ बारा पट!

हे बारा आले कुठून? जुनं इंजिन मिनिटाला सव्वा हजाराच्या आसपास फेऱ्यांवर आपली पूर्ण ताकद देई, नवं पाच हजारांवर देतं. चौपट इथेच मिळाली. उरलेली तिप्पट प्रत्येक फेरीतून येते. नव्या इंजिनात दोन टर्बोचार्जर जास्तीची हवा कोंबतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त पेट्रोल जळतं; शिवाय पिस्टन ती हवा कितीतरी घट्ट दाबतात.

मला खरी थक्क करते ती या दोघींची शांतता. एका ओळीत सहा सिलिंडर असले की पिस्टनांचे धक्के एकमेकांना निष्प्रभ करतात आणि इंजिन थरथरत नाही. पण सहा सिलिंडरांचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांची ये-जा फिरण्यात बदलणारा दांडा, लांब असतो, म्हणून तो पिळवटतो. जुन्या गाडीचे रचनाकार हेन्री रॉइस यांनी तो जाडजूड केला आणि सात बेअरिंगांवर तोलला. नव्या गाडीत बारा सिलिंडर आहेत, म्हणजे अशाच दोन ओळी एका क्रँकशाफ्टला जोडलेल्या. तोल साधण्याचं तत्त्व अजून तेच आहे! वर नव्या घोस्टमध्ये शंभर किलोंहून अधिक ध्वनिरोधक सामान भरलेलं आहे. ती इतकी शांत झाली की आत बसणाऱ्याला अस्वस्थ वाटू लागलं, आणि अभियंत्यांना मुद्दाम हलकासा आवाज परत आणावा लागला.

घाट उतरायचा असेल तर मात्र मी डोळे मिटून नवी गाडी निवडेन. तिचे कॅमेरे पुढचा रस्ता आधीच वाचून सस्पेन्शन तयार ठेवतात. १९०८ च्या गाडीला पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते, आणि तशा गाडीने सहा घाट पार केले. त्यामुळे माझ्या लेखी जास्त मोठा पराक्रम त्या जुन्या गाडीचाच.