तारेवरचं बोलणं कोण ऐकतं?

दिल्लीच्या उत्तर भागात रिज नावाची एक लांबलचक टेकडी आहे, गर्द झाडीची. त्या टेकडीवर महापालिकेचं मोठं हॉस्पिटल आहे आणि त्याचं नाव आहे हिंदूराव. दिल्लीत हे मराठी नाव कुठून आलं? थेट कोल्हापूरजवळच्या कागलमधून! हिंदूराव घाटगे हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा या टेकडीवर बंगला होता. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि पुढे तो बंगला हिंदूरावांनी घेतला. तेव्हापासून ती जागा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

टेकडीच्या पायथ्याकडे, काश्मिरी गेटच्या बाहेर, १८५७ साली तारघर होतं. १० मे रोजी मेरठला उठाव झाला आणि मेरठची तार तुटली. पण अंबाल्याची तार शाबूत होती. ११ मे रोजी दिल्लीच्या तारघरातल्या ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोन तरुण तारवाल्यांनी त्या तारेवरून दिल्लीची बातमी अंबाल्याला कळवली. तिथून ती लाहोरपर्यंत गेली. बंडवाल्यांच्या घोड्यांपेक्षा बातमी पुढे धावली आणि इंग्रज सावध झाले. या तारघराची आठवण म्हणून १९०२ मध्ये उभारलेला दगडी स्तंभ काश्मिरी गेटजवळ आजही आहे.

आता या जुन्या तारेची एक गंमत बघा. एकाच तारेवर चार तारघरं जोडलेली असली, तर पहिल्याने पाठवलेला निरोप चौथ्यासाठी असला तरी मधल्या दोघांच्या यंत्रांतही वाजायचा. मग आपलं कोणतं हे कसं कळायचं? प्रत्येक तारघराला एक छोटी खूण ठरवून दिलेली असे. ती खूण वाजली की तारवाल्याने कान टवकारायचे, नाही तर दुर्लक्ष करायचं. पण दुर्लक्ष केलंच नाही तर? कुणी सगळंच लिहून घेतलं तर? अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडचा जॉर्ज एल्सवर्थ नावाचा तारवाला अगदी हेच करायचा. शत्रूच्या तारेला स्वतःचं यंत्र जोडायचं आणि बसून ऐकायचं. वर त्याच तारेवरून खोटे निरोपही पाठवायचे!

कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची वेळ आली, तेव्हा तारेची ही सगळी कहाणी जशीच्या तशी पुन्हा घडली. १९७३ मध्ये बॉब मेटकाफ यांनी अमेरिकेतल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटची कल्पना मांडली. एक जाड केबल आणि तिला जोडलेले सगळे कॉम्प्युटर. पुढे जाड केबल गेली आणि तिच्या जागी एक छोटी डबी आली. डबीला ओळीने भोकं, म्हणजे पोर्ट, आणि प्रत्येक पोर्टमध्ये एकेका कॉम्प्युटरची केबल. ही डबी म्हणजे हब.

हबला अक्कल अजिबात नसते. एका पोर्टमधून आलेला विजेचा इशारा जोरकस करायचा आणि बाकीच्या सगळ्या पोर्टमधून बाहेर सोडायचा, एवढंच त्याचं काम. समजा, एका हॉस्पिटलात केसपेपरची खिडकी, रक्ताची लॅब, एक्स-रे विभाग आणि औषधांची खिडकी असे चार कॉम्प्युटर हबला जोडलेत. केसपेपरवाल्याने लॅबला निरोप पाठवला, तरी तो एक्स-रे आणि औषधांच्या कॉम्प्युटरपर्यंतही पोचतोच. तारघरांना खूण होती, तसा इथे प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला मॅक पत्ता असतो. ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं, यांतून बनलेला बारा खुणांचा पत्ता. असे वेगवेगळे पत्ते सुमारे २८१ लाख कोटी होतात! निरोपावरचा पत्ता आपला नसेल तर कार्ड तो निरोप गुपचूप टाकून देतं.

आणि दोघं एकदम बोलले तर? इशारे एकमेकांवर आपटतात आणि दोन्ही खराब होतात. मग दोघंही गप्प बसतात, मनाशी एक आकडा काढतात, तेवढा वेळ थांबतात आणि पुन्हा प्रयत्न करतात. कित्येक हबांवर या टकरींसाठी वेगळा दिवाच असायचा. कामाच्या गर्दीत तो सारखा लुकलुकायचा.

आता समजा, हॉस्पिटलचं नेटवर्क मंद झालंय. एक्स-रेचा फोटो डॉक्टरांपर्यंत लवकर पोचतच नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईंना तारेवर नेमकं काय चाललंय ते बघायचंय. हब असेल तर काम सोपं. त्यांनी आपला लॅपटॉप कुठल्याही रिकाम्या पोर्टला लावायचा आणि कार्डाला सांगायचं, ‘दुसऱ्याच्या पत्त्याचे निरोपही टाकू नकोस, सगळे घे.’ मग जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये लोकांसमोर आणलेलं वायरशार्क (तेव्हा त्याचं नाव इथरियल होतं) सुरू केलं की सगळ्या कॉम्प्युटरचं बोलणं ओळीने पडद्यावर! ताईंना लगेच दिसेल, की १० मेगाबाइटचा एक फोटो साडेसहा हजारांहून जास्त तुकड्यांत चाललाय आणि सेकंदाला १० मेगाबिट नेणाऱ्या हबवर त्याला निदान ८ सेकंद लागताहेत. बाकीच्यांना त्याच गर्दीतून वाट काढावी लागतेय.

पण जे ताईंना दिसतं, ते त्या पोर्टला लॅपटॉप लावणाऱ्या कुणालाही दिसतं. १९९० च्या दशकात कितीतरी ठिकाणी पासवर्डसुद्धा उघडेच जायचे. मला तर हे फार धोक्याचं वाटतं.

मग आला स्विच. बाहेरून हबचा जुळा भाऊ, पण आत डोकं आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने सात पोर्टचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचं नाव होतं कल्पना! भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. त्यांनी आपल्या पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली.

स्विच नवा कोरा असताना त्याला काहीच ठाऊक नसतं. कोणत्या पोर्टवर कोण बसलंय, हे त्याला कुणी सांगतही नाही. तरी तो शिकतो. कसा? वाड्यात नव्याने आलेल्या पोस्टमनसारखा. आपण पेटीत टाकलेल्या पत्राच्या मागे ‘प्रेषक’ लिहिलेलं असतं ना, तेच तो वाचतो! केसपेपरचा निरोप पहिल्या पोर्टमधून आला की स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता बघतो आणि आपल्या तक्त्यात नोंद करतो, ‘हा पत्ता पोर्ट एकवर.’ लॅब कुठे आहे ते अजून माहीत नाही, म्हणून हा पहिला निरोप तो हबसारखा सगळ्यांकडे सोडतो. लॅब उत्तर देते, ते येतं दुसऱ्या पोर्टमधून. लगेच दुसरी नोंद, ‘हा पत्ता पोर्ट दोनवर.’ झालं! यानंतर त्या दोघांचं बोलणं फक्त त्या दोन पोर्टांमध्ये. एक्स-रे आणि औषधांच्या पोर्टचे दिवे त्यासाठी लुकलुकतही नाहीत. एखादा कॉम्प्युटर बराच वेळ, बहुतेक स्विचमध्ये पाच मिनिटं, काही बोललाच नाही तर त्याची नोंद पुसली जाते. म्हणून तो दुसऱ्या खोलीत हलवला तरी अडत नाही.

आता आपल्या ताईंनी स्विचला लॅपटॉप लावला, तर पडद्यावर काय दिसेल? स्वतःच्या लॅपटॉपचं बोलणं, अधूनमधून चुकार सुटलेला एखादा निरोप आणि सगळ्यांना उद्देशून केलेले पुकारे. ‘हा अमुक नंबर कुणाचा आहे? मला कळवा,’ असा प्रश्न कॉम्प्युटर वरचेवर विचारत असतात. त्याचा पत्ता म्हणजे बाराही खुणा एफ, आणि असा निरोप स्विचला सगळीकडे द्यावाच लागतो. पण एक्स-रेचा फोटो? तो ताईंना दिसणारच नाही. नवशिक्यांना इथे वाटतं की आपलं वायरशार्क बिघडलं. ते बिघडलेलं नसतं. निरोप त्यांच्या केबलपर्यंत आलेलाच नसतो.

जुन्या तंत्रज्ञांची यावर एक युक्ती होती. बॅगेत एक जुना हब ठेवायचा आणि ज्या केबलवर संशय आहे, तिच्या मध्ये तो बसवायचा. आता हब मिळणंच कठीण झालंय. म्हणून मोठ्या स्विचमध्ये सोय असते मिरर पोर्टची. ताईंनी स्विचला आज्ञा द्यायची, ‘एक्स-रेच्या पोर्टवरून जे जाईल आणि येईल, त्याची एक प्रत माझ्या पोर्टवर पाठव.’ पण इथेही एक मेख आहे. एक गिगाबिटच्या पोर्टवरून एकाच वेळी एक गिगाबिट जातं आणि एक गिगाबिट येतंही. दोन्हींच्या प्रती झाल्या दोन गिगाबिट, आणि ताईंची केबल तर एकाच गिगाबिटची! फार गर्दी झाली की काही प्रती गळतात. खरोखर एकही निरोप सुटू नये असं वाटत असेल, तर केबलमध्येच बसवायचं टॅप नावाचं वेगळं यंत्र वापरावं लागतं.

घरच्या राउटरच्या मागे केबल लावायची जी तीन-चार पोर्टं असतात, तो एक छोटा स्विचच आहे. वायफाय मात्र हवेतून सगळीकडे पसरतं, म्हणून त्यातलं बोलणं बहुतेक ठिकाणी कुलूपबंद करून पाठवतात.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गेलात की भिंतीवरच्या पेटीतले दिवे जरा वेळ निरखून बघा. दोघांना एकमेकांकडे एखादी मोठी फाइल पाठवायला सांगा आणि कोणत्या दोन पोर्टचे दिवे जास्त जोरात लुकलुकतात ते शोधा. मग सरांना किंवा बाईंना विचारा, आपल्या स्विचला मिरर पोर्ट आहे का? असेल तर त्यांच्या परवानगीने, त्यांच्यासमोर बसून, फक्त तुमच्याच कॉम्प्युटरचं बोलणं वायरशार्कमध्ये बघा. दुसऱ्याचं बोलणं न विचारता ऐकायचं नाही, तो कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो.