फ्रीझरमधल्या भाजीत ‘काही उरत नाही’?

जानेवारीत आमच्या छावणी भागातल्या गुरुवारच्या आठवडी बाजारात मटाराचे ढीग लागतात, भाव उतरतात आणि एक वाक्य हमखास कानावर येतं. “एवढा घेऊन काय करायचा? फ्रीझरमध्ये टाकला की त्यातलं सत्त्व जातं बघा. काहीच उरत नाही.” असं म्हणणाऱ्यांच्या पिशवीत पालकाच्या तीन जुड्या असतात. त्यातली तिसरी पुढच्या बुधवारी, कडेने पिवळी पडल्यावर, शिजणार असते. तिला मात्र सगळे ‘ताजी भाजी’ म्हणतात.

घोळ इथेच आहे. फ्रीझरमधल्या भाजीची तुलना आपण मळ्यातून नुकत्याच खुडलेल्या जुडीशी करतो. ज्यांच्या परसात वाफे आहेत त्यांनी खुशाल करावी. आठवड्याचा बाजार एकदाच करणाऱ्या घराने ती फ्रिजमध्ये सहा दिवस पडलेल्या जुडीशी करायला हवी.

खुडल्यावरही भाजीचा श्वास चालू असतो आणि सगळ्यात आधी घसरतं ते क जीवनसत्त्व. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००७ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ४ अंश सेल्सिअसला, म्हणजे चांगल्या फ्रिजच्या तापमानाला, सात दिवस ठेवलेल्या पालकातलं ७५ टक्के क जीवनसत्त्व गेलं होतं, फरसबीतलं ७७ टक्के. मटार चिवट निघाला, त्याचं १५ टक्केच गेलं. डेव्हिसमध्येच २०१५ मध्ये आठ भाज्या-फळं ताजी आणि गोठवलेली अशी तपासली गेली. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पाचांत फरक नव्हता, उरलेल्या तिन्हींत गोठवलेल्याचं पारडं जड होतं. बीटा-कॅरोटिन मात्र गोठवलेल्या मटार, गाजर आणि पालकात कमी भरलं. म्हणजे काहीच जात नाही असंही नाही. पण ‘काहीच उरत नाही’ हे कुठून काढलं?

कुठून ते मला वाटतं कळतं. लोक मेथी निवडतात, कच्चीच पिशवीत कोंबतात आणि फ्रीझरमध्ये ढकलतात. दोन महिन्यांनी काळपट, वाळक्या गवताच्या वासाचा गोळा बाहेर येतो आणि दोष थंडीला लागतो. थंडीने भाजीतल्या विकरांचं (एन्झाइम्सचं) काम मंदावतं, थांबत नाही. ते थांबवायला आधी उकळतं पाणी लागतं. मटार दीड मिनिट, पालक-मेथी दोन, फरसबी तीन. मग तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, आणि निथळून कापडावर कोरडी. त्या उकळत्या पाण्यात क जीवनसत्त्वाचा काही वाटा जातो हे खरंच, पण ताजी भाजी आपण कच्ची खातो की काय? दाणे ताटात पसरून आधी सुटे गोठवावेत, मग पिशवीत भरून हवा काढावी. पिशवी एका वेळच्या भाजीपुरतीच हवी आणि तिच्यावर तारीख हवी. तारीख न टाकता पुढे ‘हे काय आहे?’ म्हणून घरभर विचारत फिरणाऱ्यांना माझी सहानुभूती नाही.

गंमत म्हणजे हीच मंडळी हुरड्याच्या बाबतीत एकदम उदार होतात. थंडीतला हुरडा फ्रीझरमध्ये जातो, एप्रिलमध्ये तव्यावर परतला जातो आणि सत्त्वाचा विषय कुणी काढत नाही. केशरचा आमरस दिवाळीत पुरीबरोबर चालतो. मग ओल्या तुरीचे दाणे, वाफवलेली मोडाची मटकी, शिजवलेले हरभरे आणि चवळी यांनीच काय घोडं मारलंय? संध्याकाळी सातला दमून घरी आल्यावर शिजलेली चवळी हाताशी असेल तर वीस मिनिटांत उसळ-भाकरी होते. नसेल तर वडापाव येतो.

‘शिळं खाऊ नये’ हा जुना नियम ओट्यावर राहिलेल्या अन्नासाठी आजही शंभर टक्के खरा आहे, छावणीतल्या मे महिन्यात तर जास्तच. उणे १८ अंशांना जंतूंची वाढच थांबते, तिथे तो लावण्यात अर्थ नाही.

पण थांबते म्हणजे जंतू मरतात असं नव्हे. ते नुसते झोपतात. म्हणून गोठलेलं मटण सकाळपासून ओट्यावर ठेवू नये, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवावं.

पाकिटातल्या मटारात ‘केमिकल’ घालावंच लागतं, हेही खोटं. टिकवण्याचं काम थंडीच करते; पाकिटामागचा घटकांचा मजकूर वाचावा. शंका सुट्या, फार हिरव्यागार दाण्यांची घ्यावी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) सांगितलेली चाचणी सोपी आहे: काचेच्या ग्लासात पाणी घालून अर्धा तास ठेवा, पाण्याला रंग आला तर भेसळ.

फ्रीझरमध्ये बर्फाचा थर जाड झाला म्हणजे गारवा चांगला? उलट, तो थर गारवा अडवतो आणि बिल वाढवतो.

अफवांपुरतं एवढंच: गोठवलेलं लिंबू किसून खाल्ल्याने कर्करोग बरा होत नाही. फ्रिजमधल्या कणकेला भुतं येत नाहीत. हे छापावं लागतंय, याचंच वाईट वाटतं.

राहिला लाइट जाण्याचा प्रश्न. गच्च भरलेला, दार न उघडलेला मोठा फ्रीझर सुमारे ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४ तास, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. बर्फाचे कण शिल्लक असलेलं अन्न पुन्हा गोठवता येतं, चव जराशी उतरते इतकंच. गावाला जाताना वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवावं. परत आल्यावर नाणं तळाशी गोठलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून गेलं होतं, ते टाकून द्यावं.

एकदारी फ्रिजच्या वरच्या छोट्या कप्प्याला मात्र हे ४८ तास लागू नाहीत. असे बरेच कप्पे उणे १८ पर्यंत पोचतही नाहीत, आणि दारावरचे तारे वीजबचतीचे असतात, थंडीचे नव्हेत. तिथे वर्षभराचा मटार साठवू नये. दोन गुरुवारांपुरती बेगमी पुरे.